माझ्या गाण्याचा पत्ता

२०२४ च्या जूनअखेरीस इस्लामपूरहून एका संयोजकांचा फोन आला. आषाढीनिमित्त त्यांच्याकडे माझा अभंगांचा कार्यक्रम ठरला होता. "ताई, रागावू नका," ते म्हणाले, "पण पत्रिकेवर तुमच्या वेबसाइटचा पत्ता छापलाय ना, तिथं भलतंच काहीतरी उघडतंय." पाचशे पत्रिका छापून झाल्या होत्या, निम्म्या वाटूनही झाल्या होत्या. मी मोबाइलवर पत्ता टाकला. हिरव्या पटावर फिरणारे फासे, पत्त्यांची पानं, क्रिकेटवर पैसे लावा म्हणून लुकलुकणारं बटण. आणि वरच्या पट्टीत माझं नाव, आडनावासकट.

मी संतकवयित्रींचे अभंग स्वतःच्या चालीत गाते. गेली वीस वर्षं हेच करते आहे. त्या नावाखाली जुगार बघून त्या रात्री मला झोप लागली नाही.

झालं होतं ते असं. २०१७ मध्ये नऊ अभंगांचा अल्बम काढला, सीडी छापली, तेव्हा ओळखीतल्या एकाने वेबसाइट करून दिली. माझ्या नावाचा डॉट कॉम पत्ता त्याने घेतला, पण नोंदणी केली स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर. दरवर्षी मी त्याला पैसे द्यायची, तो भरायचा. पुढे त्याने धंदा बदलला, गाव सोडलं, नंबरही बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या ईमेलवर जात राहिल्या. डॉट कॉम पत्त्याची मुदत संपली की नोंदणी करणारी कंपनी साधारण महिना-दीड महिना थांबते. मग ३० दिवस जादा पैसे भरून तो सोडवून घेता येतो, आणि त्यानंतर पाच दिवसांनी तो कुणालाही मोकळा होतो. अशा मोकळ्या झालेल्या जुन्या पत्त्यांवर टपून बसलेली मंडळी असतात, कारण त्या पत्त्याला आधीपासून येणारी माणसं आयती मिळतात. माझे श्रोते असे कुणाच्या तरी हाती आयते पडले होते.

पत्ता परत मिळाला नाही. संयोजकांनी उरलेल्या पत्रिकांवर त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली. कार्यक्रम चांगला झाला. मिरजेला परत आले आणि ठरवलं की आता वेबसाइट स्वतः बसून करायची, शिकायला लागलं तरी चालेल.

पहिल्याच दिवशी नवा पत्ता घेतला. डॉट इन, माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डावर, आपोआप नूतनीकरण चालू ठेवून. देवनागरीत डॉट भारत हा पत्ता २०१४ पासून मिळतो. मनापासून तोच हवा होता. पण मोबाइलवर रोमन कळफलक वापरणाऱ्या माणसाला तो टाइप करणं अवघड, आणि काही ठिकाणी तो उलगडून रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. कार्यक्रमात माइकवरून सांगायचा पत्ता एका दमात सांगता आला पाहिजे, म्हणून मन आवरलं.

मग कागदावर लिहून काढलं की मला या वेबसाइटकडून हवंय काय. अभंगाचे शब्द शुद्ध देवनागरीत वाचता यावेत, आणि वाचता वाचता तिथंच तो ऐकता यावा. नांदेडच्या माणसाला यूपीआयने आणि न्यू जर्सीच्या माणसाला कार्डाने अल्बम विकत घेता यावा. आणि उद्या ती कंपनी बुडाली किंवा मला परवडेनाशी झाली तर सगळं उचलून दुसरीकडे नेता यावं. ही शेवटची अट मी दोनदा अधोरेखित केली. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमावर २००३ ते २०१५ या काळात जगभरच्या कलाकारांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झालं, असं त्या कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. कित्येकांकडे दुसरी प्रतच नव्हती. ते मी तेव्हा वाचलं होतं आणि विसरले नव्हते.

सुरुवात विक्स या वेबसाइट करून देणाऱ्या सेवेपासून केली, कारण सगळे तेच सांगत होते. खरंच सोपं आहे. चित्र उचला, इकडे ठेवा, झालं. एका रविवारी दुपारी सुबक पान तयार झालं. पण फुकटच्या योजनेत स्वतःचा पत्ता जोडता येत नाही आणि वर त्यांची जाहिरात राहते. पैसे भरायची माझी तयारी होती. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. तिथं उभारलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या दुसऱ्या भाड्याच्या जागेवर, नेता येत नाही, ती त्यांच्याच सर्व्हरवर चालते. माझ्या शेवटच्या अटीवर फुली पडली.

मग बँडझूगल. हे खास संगीतकारांसाठीच केलेलं आहे. माँट्रिअलच्या एका बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या ख्रिस व्हिन्सन यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं, आणि वाजवणाऱ्या माणसाने केलंय हे पदोपदी जाणवतं. महिनाभर फुकट वापरून बघता येतं, तो महिना मी पुरेपूर वापरला. कार्यक्रमांची यादी, संयोजकांना पाठवायचं माहितीपान, अल्बमची विक्री, श्रोत्यांची ईमेल यादी, सगळं आत तयार. विक्रीवर ते दलाली घेत नाहीत, वर्गणी तेवढी भरायची. सगळ्यात आवडला तो प्लेअर. श्रोता एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला तरी गाणं न तुटता चालू राहतं. विलंबित लयीतला अभंग ऐकताना मध्येच तुटला की परत लावणारा माणूस विरळा, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

पण पैसे घ्यायचे कसे? तिथली सोय पेपाल किंवा स्ट्राइपसारख्या सेवांवर चालते. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं आहे, फक्त परदेशातून येणारे पैसे घेता येतात. स्ट्राइप २०२४ पासून भारतात नव्या खातेदारांना निमंत्रणाशिवाय घेत नाही. म्हणजे न्यू जर्सीचा श्रोता माझा अल्बम विकत घेऊ शकतो आणि सांगलीचा नाही. माझे दहातले नऊ श्रोते सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, बेळगाव इथले. इतकी देखणी, इतकी समजून केलेली जागा सोडताना वाईट वाटलं. तुमचे श्रोते बहुतांश परदेशात असतील, तर माझ्या मते त्याहून चांगली जागा नाही.

राहिलं वर्डप्रेस. ते शिकायला वेळ लागतो, हे मी गोड बोलून लपवणार नाही. पण ती वेबसाइट उभारायची मुक्त आज्ञावली आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही. होस्टिंग आवडलं नाही तर सगळा मजकूर आणि डेटा उचलून दुसरीकडे जाता येतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर पहिली उभारणी करून दिली. परवलीचे शब्द मात्र सगळे माझ्या वहीत, हे मी त्याला आधीच सांगितलं. "मावशी, मी काय पळून जाणार आहे का?" तो म्हणाला. मी म्हटलं, तू नाही रे, पण तूही उद्या कामाला लागशील.

आता मजकूर. सीडीच्या पुस्तिकेत नऊही अभंग, त्यांचे राग-ताल आणि साथीदारांची नावं छापलेली होती. डीटीपीवाल्याकडून फाइल मागवली, उघडली, मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला. पडद्यावर उमटली रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र खुणांची भेळ. फाइल जुन्या फॉन्टमधली, युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं नव्हेत. असा मजकूर बदलून देणारी साधनं आहेत, मी वापरून पाहिली. पण रफार सरकले, पोटफोड्या ष च्या जागी दुसरंच अक्षर आलं, जोडाक्षरं उसवली. शेवटी नऊ अभंग हाताने टाइप केले, गाथेची छापील प्रत मांडीवर घेऊन. चार संध्याकाळी गेल्या. एक-एक चरण टाइप करताना लक्षात आलं की दोन ठिकाणी मी गाते ते शब्द आणि गाथेतले शब्द वेगळे आहेत. सात वर्षं गाऊनही ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग ते पान मोबाइलवर उघडलं आणि वेगळाच धक्का बसला. अभंगाच्या शीर्षकातली शिरोरेषा तुटली होती. प्रत्येक अक्षर सुटं, वर रेघेचे तुकडे, मधे फटी. फळकुटांचं कुंपण असावं तसं. कारण शोधायला दोन दिवस लागले. वर्डप्रेसमधल्या पानांच्या तयार मांडण्या, ज्यांना थीम म्हणतात, रोमन अक्षरांसाठी आखलेल्या असतात. रोमन शीर्षकात अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं की ते ऐटबाज दिसतं, म्हणून थीममध्ये ते अंतर आधीच वाढवून ठेवलेलं असतं. देवनागरीत त्याच अंतराने शिरोरेषा फाटते. ते अंतर शून्य केलं आणि शीर्षक सांधलं गेलं. तसंच ओळींमधल्या अंतराचं. रोमनला पुरणारं अंतर आपल्याला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. अक्षराच्या उंचीच्या पावणेदोनपट अंतर ठेवलं तेव्हा अभंग मोकळा श्वास घेऊ लागला.

"तानपुऱ्यावर" हा शब्द माझ्या परिचयात तीनदा येतो. थीमच्या मूळच्या फॉन्टमध्ये तो 'र' खाली टिंब, मग पाय मोडल्याची खूण आणि पुढे सुटा 'य' असा दिसत होता. हा अर्धचंद्री ऱ्य मराठीला रोज लागतो. तो नीट नसेल तर दुसऱ्या, बिचाऱ्या, गाणाऱ्या, सगळ्यांचीच मोडतोड होते. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले 'मुक्त', 'बालू' असे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. तसे पाच-सहा लावून, छापून, भिंतीवर शेजारी शेजारी डकवून बघितले आणि मग एक निवडला. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी करायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाच्या ल आणि श ची सोय असते, त्यात ती या एका सेटिंगने लागू होते. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो. हे वाचून कुणी म्हणेल, एवढं कशाला, लोक वाचतातच की. मला तसं वाटत नाही. स्वर लागला नाही तर आपण तानपुरा पुन्हा जुळवतोच ना?

पानाच्या पत्त्याचंही एक सांगते. अभंगाच्या पहिल्या ओळीवरून वर्डप्रेस पानाचा पत्ता आपोआप देवनागरीत करतं. तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्याची चिन्हं, अक्षरं आणि आकडे यांची चार ओळींची माळ होते, आणि ती बघून माणसं घाबरतात, फसवणुकीची लिंक समजतात. सगळे पत्ते रोमन अक्षरांत, छोटे करून घेतले.

गाणी चढवताना आकड्यांचा हिशोब कळला. स्टुडिओतून मिळालेल्या वेव्ह फाइलला मिनिटाला १० एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांच्या अभंगाला ६० एमबी. खेड्यातल्या नेटवर्कवर ते ऐकणं अशक्य. ऐकण्यासाठी १२८ केबीपीएसची (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि फाइल जड) एमपी३ ठेवली, मिनिटाला १ एमबीच्या आसपास. विकत घेणाऱ्याला ३२० ची. बँडझूगलसारखा न तुटणारा प्लेअर इथं साध्या रीतीने जमेना, म्हणून मांडणीच बदलली. एका अभंगाला एक पान. वर प्लेअर, खाली शब्द, त्याखाली राग, ताल, साथीदार आणि चाल कशी सुचली ते. ऐकणाऱ्याला पान सोडून जायची गरजच पडू नये. हे नाइलाजाने केलं, पण माझ्या गाण्याला तेच शोभून दिसलं. आज साइटवर येणारे बहुतेक लोक गूगलवर अभंगाची पहिली ओळ किंवा 'जनाबाई अभंग' असं काहीतरी शोधत येतात. शब्द शोधत येतात आणि ऐकून जातात.

हक्कांचं काम त्यातल्या त्यात सरळ होतं. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. संतकवयित्रींचे शब्द सगळ्यांचे आहेत. चाली माझ्या, ध्वनिमुद्रणाचे पैसे मी भरलेले. साथीदारांना मात्र फोन करून विचारलं, सगळ्यांनी आनंदाने होकार दिला आणि प्रत्येकाचं नाव मी त्या त्या पानावर वाद्यासकट लिहिलं. फोटो मिरजेतल्याच एका तानपुरा करणाऱ्यांच्या कारखान्यात काढले, मागे भोपळे टांगलेले. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, त्यामुळे तेही खुशीत होते.

सगळ्यात जास्त दमवलं ते पैसे घेण्याच्या सोयीने. एका पेमेंट गेटवेकडे, म्हणजे वेबसाइटवर पैसे घेण्याची सोय देणाऱ्या कंपनीकडे, अर्ज केला. दोनदा नाकारला गेला. कारण सांगताना एकच ओळ, 'वेबसाइट अपुरी'. हेलपाट्यांनंतर कळलं की त्यांना साइटवर गोपनीयता धोरण, अटी, परताव्याचे नियम, माल पाठवण्याचे नियम आणि संपर्काचा पूर्ण पत्ता अशी स्वतंत्र पानं लागतात. मी विकते फक्त फाइल, तरी माल पाठवण्याचं पान लागतंच. त्यावर 'पैसे मिळाल्यावर लिंक ईमेलने येईल' एवढं लिहिलं. घराचा पत्ता सगळ्या जगासमोर मांडायला मी तयार नव्हते. एकट्याने कार्यक्रम करत फिरणाऱ्या कुठल्याही बाईने मांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गायनवर्गाची खोली भाड्याची आहे, घरमालकांची परवानगी घेऊन तो पत्ता दिला.

हे सगळं होईपर्यंत अडीच महिने गेले. तोवर मी साधा उपाय केला होता. अल्बमच्या पानावर यूपीआयचा क्यूआर लावला, खाली लिहिलं की २५० रुपये पाठवा, व्हॉट्सॲपवर नाव-गाव कळवा, मी लिंक पाठवते. अडीच महिन्यांत ४१ जणांनी घेतला. रात्री रियाज आटोपून एकेकाला लिंक पाठवायची. त्यात नांदेडचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी आईच्या वर्षश्राद्धाला लावायला घेतला. बेळगावच्या एका बाईंनी महिला मंडळासाठी चाल शिकायला घेतला आणि पुढे दोनदा फोन करून तिसऱ्या अभंगातली जागा विचारून घेतली.

आता गेटवे चालू आहे. २५० वर २ टक्के म्हणजे ५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ९० पैसे. हातात येतात २४४ रुपये १० पैसे. परदेशातल्या मराठी माणसांसाठी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर तोच अल्बम ठेवला आहे. ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतात, पेपालचं शुल्क वेगळं, आणि मूळ फाइल त्यांना वेव्ह किंवा फ्लॅकसारखी, दर्जा न घटवलेलीच लागते. पैसे पेपालमधून बँकेत आपोआप येतात, एकदा पॅन आणि पैसे कशाचे येतात ते सांगणारा संकेतांक भरून द्यावा लागतो. स्पॉटिफायवरही गाणी आहेत. तिथं २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं तरच त्याचे पैसे मोजतात. माझ्या नऊपैकी दोनच अभंग तिथपर्यंत पोचले, उरलेल्या सातांचे शून्य. स्पॉटिफायवरून गाणी काढावीत असं मी म्हणत नाही, नवी माणसं तिथंही भेटतात. पण माझ्या गाण्याची किंमत एखाद्या उंबरठ्यावर ठरू नये, एवढं मला या वर्षात पक्कं कळलं. क्यूआरचं पान मात्र मी काढलेलं नाही. गेटवेमुळे झोप लवकर मिळते, पण नाव-गाव लिहून बोलणारी माणसं त्या क्यूआरच्या वाटेनेच येतात.

दर महिन्याच्या एक तारखेला साइटची पूर्ण प्रत घेते. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, तो कपाटात श्रुतीपेटीच्या शेजारी. वेबसाइटच्या पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहिलेली असते. वर्गातल्या मुलींनाही मी आता पहिला अल्बम काढायच्या आधी हे दोन्ही करायला लावते.

गेल्या महिन्यात त्या नांदेडच्या सरांचा फोन आला. चौथ्या अभंगाच्या पानावर शेवटच्या चरणात एक शब्द त्यांच्या आईच्या तोंडी वेगळा होता. त्यांनी तो फोनवर म्हणून दाखवला, अगदी जात्यावरच्या चालीत. गाथेत तो नाही, मी गाते त्यातही नाही. फोन ठेवल्यावर लगेच ते पान उघडलं आणि अभंगाखाली एक ओळ वाढवली, 'नांदेडकडे असाही म्हणतात', आणि पुढे तो चरण त्यांनी म्हटला तसा. सरांना लिंक पाठवली. त्यांनी परत पाठवलेल्या फोटोत मोबाइलच्या पडद्यावर तो चरण होता आणि मागे भिंतीवर हार घातलेली तसबीर.